शेऱ्याचा रकाना

संगणकाच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. हल्ली ते जरा मवाळ झालं आहे. ते कसं झालं, ते सांगतो.

माझी थोरली बहीण प्राण्यांची डॉक्टर आहे. दवाखाना तिचा स्वतःचा. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून तीन लांब बाकं आणि एक काउंटर, आतल्या खोलीत तपासायचं टेबल, आणि त्याच्याही मागे औषधांच्या कपाटांची एक चिंचोळी खोली, जिथं चहा होतो. काउंटरवर मावशी बसतात. त्या कुणाच्याच मावशी नाहीत, पण सगळे तसंच म्हणतात. मावशी नंबर देतात, वजन करतात आणि ताई टोचत असताना प्राणी धरून ठेवतात. कोण कोणाच्या आधी आलं, यावरून रोज संध्याकाळी बाहेरच्या खोलीत वाद व्हायचे. ते सोडवायचं कामही मावशींचंच.

एकदा जेवताना ताई या वादांबद्दल बोलत होती. मी म्हटलं, हे काय घेऊन बसलीस? भिंतीवर एक पडदा लावू. त्यावर नंबर येईल. मागे मी प्रोग्रॅम लिहून देतो. मला दोन रविवार पुरेत.

ताईनं माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. माझ्या दोन रविवारांचा तिला पूर्वानुभव होता. तिच्या बाल्कनीतली कपड्यांची दोरी मी दोन रविवारांत बांधून देणार होतो, तेव्हापासून ती कपडे घरातच वाळवते. पण वादांनी ती इतकी वैतागली होती की बरं म्हणाली.

मी पायथन या भाषेत प्रोग्रॅम लिहितो. माझा रोजचा पोटापाण्याचा धंदाच तो आहे. या भाषेची एक गंमत आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच झालं. समजा, तुम्ही प्रोग्रॅममध्ये ‘पेशंट’ नावाची एक वस्तू तयार केलीत. तिच्या पोटात नंबर असतो, प्राण्याचं नाव असतं, मालक असतो, आजार असतो. पण तिला पडद्यावर दाखव म्हटलं, की ती यातलं अवाक्षरही काढत नाही. ‘पेशंट ऑब्जेक्ट’ एवढं म्हणते आणि पुढे मेमरीतला स्वतःचा पत्ता सांगते. तो पत्ता वाचून टपालखातंसुद्धा हात टेकेल. म्हणून तिला शिकवून ठेवावं लागतं, की बाई, तुला कुणी विचारलं तर असं असं सांग.

हे शिकवायच्या जागा दोन आहेत. एकीला ‘स्ट्र’ म्हणतात आणि दुसरीला ‘रेप्र’. स्ट्रमध्ये लिहायचं ते चारचौघांत दाखवायचं. रेप्रमध्ये लिहायचं ते प्रोग्रॅमवाल्यानं स्वतःसाठी. काही बिघडलं तर आत नेमकं काय आहे ते कळावं, म्हणून तिथं आडपडदा न ठेवता सगळं लिहायचं.

ताईकडे अकरा वर्षांच्या अकरा वह्या होत्या. प्रत्येक पानावर पाच रकाने. नंबर, प्राणी, मालक, आजार आणि शेवटचा शेऱ्याचा. पहिले चार रकाने कुठल्याही दवाखान्यात असतात तसेच. शेऱ्याच्या रकान्यात ताई स्वतःला लक्षात राहावं म्हणून मनात येईल ते लिहायची. ‘चावतो.’ ‘सुई दिसली की टेबलाखाली जातो.’ ‘वजन करताना मालक हळूच पाय ठेवतो.’ मावशी रोज सकाळी हे शेरे वाचून हातमोजे घालायचे की नाही ते ठरवत. म्हणजे शेरे हवेच होते. मी आणि मावशींनी मिळून सध्याच्या पेशंटांची माहिती संगणकात भरली. शेऱ्यांसकट.

ताईनं एवढंच विचारलं, शेरे बाहेर दिसणार नाहीत ना? मी हसलो. स्ट्रमध्ये नंबर आणि प्राण्याचं नाव, रेप्रमध्ये सगळं. पडद्याला स्ट्र, मावशींच्या संगणकावर रेप्र. तिला मी पेन घेऊन कागदावर दोन चौकोन काढून दाखवले. तिनं ते पाहिले आणि कागद माझी सही घेतलेला करारनामा असावा तसा घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला.

पडदा लागला. दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. ‘क्रमांक ४ – मनी’ असं निळ्या अक्षरांत यायचं, मनीवाल्या उठून आत जायच्या, भांडण नाही, तंटा नाही. ताई आल्यागेल्याला सांगायला लागली की माझ्या भावानं केलंय. हे तिनं आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं असेल. मी त्या आठवड्यात चारदा दवाखान्यात जाऊन आलो. काम काही नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी दुपारी ताई म्हणाली, लोक विचारतात आपल्या आधी किती जण आहेत. पुढचे चार एकदम दाखवता येतील का?

मी म्हटलं, एका ओळीचं काम आहे.

ते खरंच एका ओळीचं काम होतं. आधी पडद्याला एक पेशंट देत होतो, आता चार पेशंटांची यादी दिली. दुपारी दवाखाना बंद असतो, त्यामुळे तपासायला यादीत कुणी नव्हतं. मी रिकामी यादी दाखवून पाहिली. ती रिकामी दिसली. मला समाधान वाटलं.

आता इथं मेख आहे. एकेकटी वस्तू दाखवली की पायथन तिच्या स्ट्रला विचारतो. पण चार वस्तू यादीत घालून अख्खी यादी दाखव म्हटलं, की तो प्रत्येकीच्या रेप्रला विचारतो. आणि हे मला माहीत होतं. कुणी परीक्षेत विचारलं असतं तर मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते.

पाच वाजता दवाखाना उघडला. मी मागच्या खोलीत चहा ओतून बसलो. दहाएक मिनिटांनी मावशी दारात आल्या.

“दादा,” त्या म्हणाल्या, “बाहेर फार शांत आहे.”

प्राण्यांच्या दवाखान्यात शांतता ही चांगली गोष्ट नसते. मी कप ठेवून बाहेर गेलो. चार जण आपापले प्राणी घेऊन बसले होते आणि चौघेही माना वर करून पडदा वाचत होते. एक कुत्रासुद्धा तिकडेच बघत होता.

पडद्यावर मोठाल्या निळ्या अक्षरांत ताईचं मन मोकळं झालं होतं.

पहिल्या होत्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या मांडीवर टोपलीत मनी. पुढे लिहिलं होतं, ‘मांजर गरीब. मालकिण ओरबाडते.’

दुसरा शिंपी. त्याच्या पायाशी एक कुत्रा पिंपासारखा पडला होता. ‘लठ्ठ. मालक म्हणतो बिस्किटं बंद केली. केलेली नाहीत.’ शिंप्याची बायको त्या दिवशी पहिल्यांदाच सोबत आली होती. ती पडदा वाचून झाल्यावर शिंप्याच्या शर्टाचा खिसा वाचत होती.

तिसरे एक वकील, हातात पिंजरा. ‘पोपट शिव्या देतो. घरात कोण देतं ते उघड आहे.’

आणि चौथे कासववाले काका. हे दर शनिवारी येत. सत्तरीच्या पुढचे, इस्त्रीचा शर्ट, कापडी पिशवीत टॉवेल आणि टॉवेलात कासव. त्यांच्यापुढे लिहिलं होतं, ‘कासव ठणठणीत. काका एकटे असतात. दहा मिनिटं बोलू द्यावं. घाई करू नये.’

काउंटरच्या संगणकाचं एक बटण दाबलं असतं तर सगळं पुसलं गेलं असतं. पण घाबरलेल्या माणसाला बटणं दिसत नाहीत. मी धावत जाऊन पडद्यासमोर उभा राहिलो आणि दोन्ही हात पसरले. पडदा भिंतीवर साडेसहा फुटांवर आहे. मी पाच फूट चार इंच.

“बाजूला व्हा,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “आमचं वाचून झालेलं आहे. आणि ‘मालकीण’ची वेलांटी दीर्घ असते.”

मी बाजूला झालो. नेमके तेव्हाच कासववाले काका उठले. त्यांनी कासव टॉवेलात गुंडाळलं, टॉवेल पिशवीत ठेवला, आणि दार उघडून निघून गेले. त्यांचा चेहरा मला नीट दिसला नाही. जे दिसलं त्यावरून ते रडवेले झालेत असं वाटलं. खोलीत सगळ्यांनाच तसं वाटलं. वकिलांनी पिंजऱ्यावर रुमाल टाकला.

आवाज नाही म्हणून ताई बाहेर आली. तिनं पडदा पाहिला, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि मग माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी तिच्या वहीवर शाई सांडली होती, तेव्हाही तिनं असं पाहिलं नव्हतं. एव्हाना मला बटण सापडलं होतं. पडदा काळा झाला.

ती लोकांना म्हणाली, हे मीच लिहिलेलं आहे, माझ्या आठवणीसाठी. ते बाहेर यायला नको होतं. तुम्हाला वाईट वाटलं असेल, तर मला माफ करा. ते खोटं आहे असं मात्र ती म्हणाली नाही. शिंप्यानं तशी थोडा वेळ वाट पाहिली.

मागच्या खोलीत मी तिला स्ट्र आणि रेप्रबद्दल सांगायला लागलो. तिनं हात वर केला. “मला कारण नकोय. ते पुन्हा दिसणार नाही एवढंच हवंय. आणि काका कुठे गेले?”

मी म्हटलं, निघून गेले, वाचून. ताई तिथल्या स्टुलावर बसली. तीन वर्षं ते येताहेत, ती म्हणाली. तीन वर्षांत मी त्यांना एकदाही जाणवू दिलं नव्हतं. मग तिनं त्यांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. ती पुढचा पेशंट घ्यायला गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं.

आता माणसानं गप्प बसावं की नाही? पण मला चूक लगोलग दुरुस्त करायची होती. मी मावशींच्या खुर्चीत बसून रेप्रमध्ये घुसलो आणि त्यातला शेराच उडवला. स्ट्र जे सांगेल तेच रेप्रनंही सांगायचं. नंबर आणि नाव, बस. पडदा पुन्हा लावला. चार सभ्य ओळी दिसल्या. कुणाला नाव ठेवायला जागा नाही. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

मावशींच्या संगणकावरची यादीही त्याच रेप्रवर चालत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

पाचवा नंबर एका नर्सबाईंच्या सशाचा होता. पांढराशुभ्र, हातात मावेल एवढा, गुलाबी नाकाचा. त्याचं नाव कापूस. मावशींनी यादी पाहिली, तिथं ‘क्रमांक ५ – कापूस’ एवढंच होतं. त्या दुसरीकडे शिंप्याच्या कुत्र्याला वजनकाट्यावर चढवण्यात गुंतल्या होत्या आणि ते काम दोन माणसांचं होतं. मला वाटलं, आपण जरा हातभार लावू. ताईच्या मनातून उतरलोय, थोडं वर चढू. मी खोक्याचं झाकण उघडलं आणि सशाला उचललं.

ससा इतका वेळ चावा धरून ठेवू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी खोलीभर फिरलो, तो अंगठ्याला तसाच. नर्सबाई अगदी निवांतपणे माझ्यामागून चालत म्हणत होत्या, ओढू नका, ओढलं की त्याला राग येतो. शेवटी ताईनं बाहेर येऊन त्याच्या मानेला धरून दोन बोटांनी काहीतरी केलं आणि मी सुटलो.

अंगठ्याला पट्टी बांधताना तिनं विचारलं, “शेरा वाचला नाहीस? त्याच्यापुढे लिहिलंय मी. दिसतो तसा नाही, जाड हातमोजे घालावेत.”

“मी काढून टाकला,” मी म्हटलं.

तिनं पट्टीची गाठ जरा जास्तच घट्ट मारली. म्हणाली, उद्या सकाळी काकांच्या घरी जायचं आणि समोर उभं राहून माफी मागायची. फोन नाही, चिठ्ठी नाही. आणि तिथं हुशारी करायची नाही.

रविवारी दहा वाजता मी काकांच्या इमारतीत पोचलो. ते चौथ्या मजल्यावर राहतात. मी लिफ्टमध्ये माफीची तालीम केली. काय बोलायचं ते तीन वाक्यांत बसवलं होतं. लिफ्ट अशी वर गेली की गेलीय ते कळलंच नाही, ना आवाज ना धक्का. माझी तिसऱ्या वाक्याची तालीम राहून गेली.

काकांनी दार उघडलं. हातात झाडू, पायजमा घोट्यापर्यंत दुमडलेला, चेहऱ्यावर घाम आणि हसू. “डॉक्टरीणबाईंचे भाऊ ना? या या. जरा पाय जपून टाका, ते मोकळं सोडलंय.”

कासव बाल्कनीच्या उंबऱ्यापाशी वर्तमानपत्रावर काकडी खात होतं. बाल्कनीतल्या कुंड्या सगळ्या एका बाजूला ओढलेल्या. काका सांगायला लागले, तीन वर्षं याला खोक्यात ठेवलं होतं, उगाच काही लागायला नको म्हणून. आता त्याला फिरायला जागा करतोय. हे त्यांच्या बायकोचं कासव. ती गेली आणि हे त्यांच्याकडे राहिलं. याचं खाणं जरा कमी झालं, की काकांची झोप उडायची.

मी म्हटलं, काल तुम्ही तसेच निघून गेलात, आम्हाला फार वाईट वाटलं.

“मग काय बसून राहू?” काका म्हणाले. “ठणठणीत असं स्वच्छ लिहिलं होतं. तेवढं वाचलं आणि उठलो. डोळ्यांत पाणीच आलं हो. बाहेर गाड्या दिसेनात मला.”

मला नीट कळेना. ताई तर दर शनिवारी त्यांना हेच सांगत होती.

“तोंडानं सांगतात हो,” ते म्हणाले. “डॉक्टर लोक तोंडानं चांगलंच बोलतात. आमच्या हिच्या वेळी रोज म्हणायचे, काळजीचं कारण नाही. आत कागदावर काय लिहिलं होतं ते मला नंतर कळलं. तुमच्या बहिणीचंही मी ऐकून घ्यायचो आणि मनात म्हणायचो, कागद बघायला मिळाला पाहिजे. काल बघायला मिळाला.”

आता तुम्हीच सांगा, इथं माझं काम झालं होतं. त्यांनी पुढचं वाचलेलंच नव्हतं. एक नमस्कार करून मी निघालो असतो तर गोष्ट तिथंच संपली असती. पण तीन वाक्यं तयार होती आणि ती माझ्या मनाची वाट न पाहता बाहेर पडली. मी म्हटलं, काका, तरीपण तुम्ही एकटे असता वगैरे जे ताईनं लिहिलं, ते तिनं वाईट अर्थानं लिहिलेलं नव्हतं.

काकांनी झाडू भिंतीला टेकवला.

“काय लिहिलं होतं?”

कासव काकडी चावत होतं. मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, “आता अर्धं सांगितलंत, सगळं सांगा.” मी खाली बघत सगळं सांगितलं. एकटे असतात. दहा मिनिटं बोलू द्यावं. घाई करू नये.

काका हळूहळू खुर्चीवर बसले. पडद्यानं जे केलं नव्हतं ते मी घरपोच आणून केलं होतं. माझा अंगठा ठणकायला लागला.

ते म्हणाले, “मला वाटायचं, बाईंना ऐकायला आवडतं.”

काका आयुष्यभर लिफ्ट दुरुस्तीच्या कामात होते. लिफ्ट बंद पडली की आत अडकलेल्या माणसांशी बाहेरून बोलत राहायचं, त्यांना घाबरू द्यायचं नाही, आणि हात चालू ठेवायचे. दवाखान्यात ते ताईला याच गोष्टी सांगत. आणि ताई त्या आम्हाला जेवताना सांगत असे. दर शनिवारी. आमच्या घरी शनिवारी कुणी दुसऱ्या ठिकाणी जेवायला जात नाही.

पुढचं मी त्यांना बरं वाटावं म्हणून रचून सांगितलं असं नाही. ते खरंच होतं. मी म्हटलं, काका, ते दोन शेजारी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकले होते, चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, बाल्कनीतून पाणी गळण्यावरून. ताईनं तिथपर्यंत सांगितलं. पुढचा पेशंट आला म्हणून तिचं ऐकायचं राहिलं. आई गेला आठवडाभर विचारतेय. त्यांचं पुढे काय झालं?

काकांनी माझ्याकडे पारखून पाहिलं. “आईसुद्धा ऐकतात?”

“आई तर जेवण थांबवते.”

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाले, तीन तास लागले. मी बाहेरून बोलत होतो, पण आत दोघंही मला एकेकटे उत्तरं देत होते, एकमेकांशी नाही. मग म्हटलं, माझा घसा बसलाय, आता तुम्हीच बोला. थोड्या वेळानं आत आवाज सुरू झाला. आधी भांडण, मग नुसतं बोलणं. शेवटी दार उघडलं, तर त्यातला एक म्हणतो कसा, पाच मिनिटं पुन्हा लावून घ्या, आमचं पूर्ण व्हायचंय.

ही गोष्ट संपल्यावर दुसरी सुरू झाली. दुसरीनंतर काकांनी चहा केला. मी त्यांच्याकडून निघालो तेव्हा साडेबारा वाजले होते. कासव कुंड्यांमागे कुठेतरी गेलं होतं आणि आम्हा दोघांनाही ते शोधायची घाई नव्हती. निघताना दारात काका म्हणाले, पण आता शनिवारी मी कुठल्या तोंडानं येऊ? ते तर ठणठणीत आहे. मी म्हटलं, तुम्ही या तसेच, मी ताईला सांगतो.

ताईला मी सगळं सांगितलं. आपणच माफी मागताना बोलून बसलो, हेही. तिनं कपाळाला हात लावला. नंतर म्हणाली, पाच मिनिटं पुन्हा लावून घ्या, हे मात्र छान आहे, आणि आईला हाक मारून सांगायला गेली.

उरलेला रविवार मी दुरुस्तीत घालवला. शेरे रेप्रमध्ये परत घातले, मावशींच्या यादीत ते दिसायला लागले. पडद्यासाठी यादीतला प्रत्येक पेशंट वेगळा काढून त्याच्या स्ट्रलाच विचारायची सोय केली. यावेळी यादीत आधी दहा खोटे प्राणी घालून तपासलं. त्यातले चार चावणारे होते. ताईनं नवा नियम केला, की पडद्यावर काहीही नवीन आलं की ते आधी मावशींनी मोठ्यानं वाचायचं आणि मगच पुढे जायचं. मुख्याध्यापिकाबाई बुधवारी येऊन शुद्धलेखनाच्या नऊ चुकांचा कागद देऊन गेल्या. शनिवारी पडदा दिसत होता तेवढ्या वेळात त्यांनी बाकीच्यांचे शेरेही तपासले होते. शिंप्याचा कुत्रा आता शिंप्याची बायको आणते. वकील आले नाहीत, पण पोपटाच्या औषधासाठी त्यांनी कारकुनाला पाठवलं.

शनिवारी काका आले. इस्त्रीचा शर्ट, आणि हात मोकळे. पिशवीसुद्धा नव्हती.

मावशींनी त्यांचा नंबर लावायचा प्रयत्न केला, पण प्रोग्रॅम ऐकेना. प्राण्याचं नाव भरल्याशिवाय पेशंट तयार होत नाही, असं तो तांबड्या अक्षरांत सांगत होता. तो नियम मीच घातलेला. मावशींनी मला मागच्या खोलीतून बोलावून आपल्या खुर्चीत बसवलं. काका म्हणाले, राहू दे, कासवाचंच नाव घाला. मी म्हटलं, छे, ते घरी आहे ना, खोटं कशाला? मी प्रोग्रॅम उघडला, तो नियम काढला आणि प्राण्याची जागा रिकामी सोडली तरी चालेल असं केलं. नंबर लागला. तपासलं का? नाही. पाच वाजून गेले होते, लोक बसले होते.

पायथनमध्ये रिकाम्या जागेलासुद्धा पडद्यावर दिसायचं एक रूप असतं. काहीच नाही, हे सांगायला त्याच्याकडे चार इंग्रजी अक्षरं आहेत. पडद्यावर आलं, ‘क्रमांक ३ – None’.

मावशी इंग्रजी एकेक अक्षर जुळवून वाचतात. नियमाप्रमाणे त्यांनी चष्मा लावला, त्या काउंटरपुढे आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, “क्रमांक तीन, नोने.”

बाकांवर कुणी हललं नाही. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मावशींनी पुन्हा पुकारलं, नोने आहेत का? शिंप्याच्या बायकोनं शेजारच्या माणसाला विचारलं, तुम्ही का नोने? मी खुर्चीत जितकं खाली सरकता येईल तितकं सरकलो.

काका उठले. शर्ट खाली ओढून सारखा केला आणि म्हणाले, “आलो.”

आतून पंधरा मिनिटं हसण्याचा आवाज येत होता. त्यानंतर मी ताईला सांगितलं, की ते चार अक्षरांचं मी आत्ता बदलतो, तिथं ‘भेट’ किंवा तसं काही येईल. दारातून बाहेर पडणारे काका म्हणाले, राहू द्या. तेव्हापासून दवाखान्यात सगळे त्यांना नोनेकाका म्हणतात, आणि गेल्या आठवड्यात त्यांनी इमारतीच्या सभेच्या कागदावर सहीसुद्धा तशीच केली, असं मला त्यांच्याकडे जाताना लिफ्टमध्ये कुणीतरी सांगितलं.